वाजणारे सँडल

हे मी सांगणार नव्हतो. पण अख्ख्या चाळीला ठाऊक आहे, मग तुम्हीच का मागे राहता? घ्या चहा. मी जन्मात एकदाच चुकलो, आणि तेही बायकांच्या चपलांत!

माझा जन्म गेला गिरणीच्या साचेखात्यात. शेकडो माग एकदम धडधडायचे. तिथे बोलणं ऐकायचं नसतं, समोरच्याच्या ओठांवरून ओळखायचं असतं. तरी माझे कान उत्तम आहेत. हल्ली लोकच पुटपुटतात, त्याला मी काय करू?

संप लांबला. आमची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. घर बायकोच्या खानावळीवर आलं. काळाचौकीच्या एका खोलीत ती पहाटेपासून स्टोव्हसमोर. अशात आमच्या नंदाला फोर्टातल्या एका कचेरीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. नोकरी लागली तर हिची पाठ जरा सरळ होणार होती. मी म्हटलं, पायात काय घालायचं ते मी ठरवणार. रबरी सपाता घालून साहेबासमोर जायचं असतं का?

दादरच्या दुकानात नंदाने तपकिरी, चपट्या तळव्याचे सँडल उचलले.

“चालून दाखव.”

चालली.

“नकोत. वाजत नाहीत.”

“बाबा, वाजायला कशाला हवेत?”

कशाला? आमचा मॅनेजर लादीवरून यायचा तेव्हा त्याचे बूट आधी यायचे, तो मागून. आम्ही सगळे सावरून उभे. ज्याचं पाऊल वाजतं त्याला मान असतो.

दुकानदाराने टाचेचे काढले. नंदा चालली. “नाही वाजत.” आणखी उंच टाचेचे काढले. “नाहीच.”

“काका, अहो दुकान हादरतंय!”

“मला ऐकू येत नाही, तर तिथे साहेबाला काय येणार?”

शेवटी लाकडी टाचेचा एक जोड निघाला. टक. टक. हलकासाच, पण ऐकू आला. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून नंदाकडे बघायला लागली. बघितलंत? हाच तो मान! मग थोडक्यासाठी कसर कशाला ठेवा? नाक्यावर टाचांना लोखंडी पट्ट्याही ठोकून घेतल्या.

मुलाखतीच्या सकाळी नंदा गॅलरीतून निघाली. धडाधड दारं उघडली. शेजारचं तान्हं पोर भोकाड पसरून रडायला लागलं. समोरचा सावंत दाढीच्या फेसासकट बाहेर आला. म्हणाला, “घोडा कोणी चढवला रे माडीवर?” मला वाटलं, कुणाच्या तरी वरातीचं विचारतोय. माझी छाती फुगलेली. पोरीला निरोप द्यायला सगळी चाळ उभी!

आणि लागली की हो नोकरी! संध्याकाळी जिन्यावरची टक टक ऐकूनच मी दारात गेलो. पुढे महिनाभर नाक्यावर बसून ज्याला त्याला सांगितलं, “शिक्षण आहे ठीक. पण नोकरी दिली ती टाचेने.”

एक दिवस ती डबा विसरली. मी घेऊन गेलो. कचेरीच्या दाराशी बाकावर बसलो. लादी गुळगुळीत, छान. आता येईल टक टक, म्हणून कान लावून होतो. येईना. अचानक खांद्यावर हात पडला.

“बाबा! तुम्ही?”

मी पायांकडे बघितलं. तपकिरी. चपटे.

“आईने दुसऱ्याच दिवशी आणले,” नंदा म्हणाली. “मुलाखतीलाही हेच होते. तुमचे ते तळमजल्यावर परबकाकींकडे काढून ठेवते. येताना परत घालून जिना चढते.”

“मग घालतेस तरी कशाला?”

“मी आले ते तुम्हाला कळतं ना, म्हणून.”

मी डबा दिला आणि निघालो.

घरी येऊन हिला विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

“चाळीत कोणाक म्हायत नाय, ता इचारा.”

“मग माझ्यासमोर कुणी बोललं कसं नाही?”

“रोजच तर बोलतव. तुमच्या पाठीमागे बसान. आवाज पण कधी बारीक करूक नाय.”

“मी बहिरा नाही!” मी ठणकावून सांगितलं.

त्यावर ती काहीतरी म्हणाली. काय ते कळलं नाही. पोळपाटाकडे वळली होती, माझ्याकडे पाठ करून.