काकींची रविवारची कॉमेंटरी

काकींना इंग्रजीचा गंध नव्हता, पण फॉर्म्युला वनची अख्खी शर्यत, पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत, त्या श्वास न घेता सांगायच्या. फोनवर, आणि एकाच माणसाला.

तो माणूस म्हणजे त्यांचे यजमान, कोल्हापूरचे काका. उद्यमनगरात त्यांचं गॅरेज होतं. बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगणारा माणूस! काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली, तेव्हापासून शर्यत काकींनी बघायची आणि काकांनी ऐकायची, असं ठरून गेलं. सुनेच्या बाळंतपणासाठी काकी दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या लिक्सलिपला आल्या, तीन महिन्यांच्या बोलीने. काकांजवळ त्यांची बहीण राहिली. मग कोरोनामुळे विमानं बंद झाली, आणि काकी इथेच अडकल्या. शर्यती सुरू झाल्यावर कॉमेंटरीही इथूनच सुरू झाली.

मी त्यांच्या मुलाच्या, निलेशच्या घरात वरची खोली भाड्याने घेऊन राहत होते. निलेश कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कारखान्यात जायचा, सून बाळात गुंतलेली. माझं डब्लिनमधलं ऑफिस बंद, म्हणून दिवसभर मी आणि काकी समोरासमोर. कोल्हापुरी बायकांसारखं त्या ‘मी जातो, मी करतो’ म्हणायच्या. सुरुवातीला मला हसू यायचं, नंतर मीच एकदा आईला फोनवर ‘मी जेवलो’ म्हणाले. शेजारच्या आयरिश आजीबाई कुंपणावरून काहीही विचारोत, काकींचं उत्तर ठरलेलं, ‘ग्रँड, ग्रँड,’ म्हणजे इथल्या भाषेत ‘झकास.’ तेवढ्यावर दोघींची अर्धा-अर्धा तास मैत्री चालायची.

ड्रायव्हरांची नावं जिभेवर बसेनात, म्हणून काकींनी त्यांचं बारसं केलं होतं. वर्षानुवर्षं जिंकणारा, काळ्या गाडीतला, तो थोरला. निळ्या गाडीतला तरणाबांड, तो धाकटा. थोरला काकींचा, धाकटा काकांचा. ‘अवो, आला की थोरला! वळणावर आतनं घुसला बघा! तुमचं पोरगं बसलंय धूळ खात!’ पलीकडून काका खवळायचे, ‘टायर कुठलं घातलंय? फरक किती ऱ्हायलाय? नीट बघून सांग की!’ शर्यत कमी आणि भांडणच जास्त. चाळीस वर्षांच्या संसारानंतर दोन माणसं एकमेकांशी इतकं बोलतात, हे मी आमच्या घरी कधी पाहिलं नव्हतं. मला हेवा वाटायचा.

त्यांचा एक नियम होता. ज्याचा गडी हरला, त्याने सोमवारी आपणहून फोन करायचा आणि मुकाट्याने बोलणी खायची. पहिल्या वर्षी जवळजवळ दर सोमवारी काकांचाच फोन. एकवीस साली मात्र धाकटा तोडीस तोड निघाला आणि काकींनाही नाक मुठीत धरून नंबर फिरवावा लागला. ‘घमेंड चढलीया म्हाताऱ्याला,’ म्हणायच्या, पण चेहरा फुललेला असायचा.

मे महिना आला. तिकडच्या बातम्या बघवत नव्हत्या. स्पेनच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी निलेशने मला स्वयंपाकघरात गाठलं. ‘बाबा पॉझिटिव्ह आहेत. ऑक्सिजन थोडा खाली आलाय. आईला बोलू नकोस. तिचं बीपी आहे, आणि बाबांनीच सांगू नका म्हणून सांगितलंय.’ मी मान डोलावली. आपल्याकडे हे असंच करतात. दुखणं लपवायचं, बरं झाल्यावर सांगायचं. मला त्यात शहाणपण वाटलं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

रविवारी दुपारी काकी नेहमीसारख्या फोन स्पीकरवर टाकून बसल्या. मी चहाचा कप घेऊन मागे उभी होते. धाकटा पुढे होता. थोरला दुसऱ्यांदा चाकं बदलायला आत गेला, तेव्हा आता हा काही गाठत नाही असं वाटलं. पण त्याने एकेका फेरीत अंतर खाल्लं, आणि शेवटी शेवटी सरळ रस्त्यावर धाकट्याला मागे टाकलं. काकी खुर्चीतून उठल्याच. ‘गेला! गेला की वो थोरला!’

पलीकडून काका खवळले नाहीत. टायर नाही, फरक नाही, काहीच विचारलं नाही.

‘अवो, जीव हाय का गेला?’ काकी हसत म्हणाल्या.

बऱ्याच वेळाने काकांचा आवाज आला, ‘खरं सांगतीस न्हवं?’

‘मग काय खोटं? हरला तुमचा गडी. उद्या करा फोन!’

‘बरं,’ काका म्हणाले, आणि फोन बंद झाला. बोलताना त्यांना लागलेला दम मला ऐकू आला होता. मला माहीत होतं तो कशाचा आहे. मी चहा प्यायले आणि वर निघून गेले.

सोमवारी फोन आला नाही. ‘रुसलंय,’ काकी म्हणाल्या. मंगळवारीही नाही. ‘रुसू दे. मी काय करणार न्हाई फोन. नेम म्हंजे नेम.’ निलेश दोन्ही दिवस गप्प राहिला, मीही. बुधवारी सकाळी निलेशला त्याच्या आत्याचा फोन आला. काका पहाटे दवाखान्यातच वारले होते. आमच्यापैकी कुणालाच जाता आलं नाही.

त्यानंतर काकींनी शर्यत लावली नाही. परतीचं तिकीट डिसेंबरचं मिळालं. निघायच्या आदल्या रविवारी वर्षाची शेवटची शर्यत होती, आणि थोरला-धाकटा दोघांचे गुण सारखे. मी माझ्या लॅपटॉपवर बघत होते, तर काकी जिना चढून वर आल्या आणि पलंगावर बसल्या. थोरला सगळा वेळ पुढे. मग कुणीतरी आपटलं, गाड्या हळू केल्या, आणि शेवटच्या एका फेरीत, नव्या टायरांवर, धाकटा पुढे गेला.

‘ह्यांचं पोरगं जिंकलं गं,’ काकी म्हणाल्या, आणि पदर तोंडाशी धरून रडायला लागल्या. सात महिन्यांत माझ्यासमोर पहिल्यांदा.

मला राहवेना. ‘काकी, मला माहीत होतं. काका आजारी होते ते. त्या रविवारी मी तुमच्या मागेच उभी होते.’

त्यांनी पदराने डोळे पुसले. मला वाटलं, आता शिव्या घालतील. घालायला हव्या होत्या.

‘सांगाय पायजे होतंस, पोरी,’ त्या म्हणाल्या. ‘त्या दिवशी मी खोटं बोललो असतो. तुमचा धाकटा पहिला आला म्हणून सांगितलं असतं.’