अंदाजबाईंची बेचकी

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंइतकं भित्रं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. पाल दिसली की त्या बाकावर चढत. आभाळ गडगडलं की शिकवणं थांबवून खिडक्या लावून घेत. एसटी सरळ रस्त्यावर असली तरी त्या पुढची दांडी सोडत नसत. आणि अशा या बाईंनी शाळेच्या मैदानात चक्क माणसाच्या उंचीची बेचकी रोवली होती.

आमची शाळा पिंपळवंडीच्या अंगाला, उसाच्या पट्ट्यात. मी तिथं मराठी शिकवायची. ती बेचकी बाईंनी विज्ञान प्रदर्शनासाठी केलेली: निलगिरीचे दोन खांब, मोटारसायकलची जुनी ट्यूब आणि मधोमध चामड्याचा तुकडा. मुलं तिच्यातून मातीचे गोळे फेकायची. मात्र गोळा कुठं पडेल ते सांगून तिथं काठी रोवल्याशिवाय ट्यूबला हात लावायची परवानगी नव्हती. "आधी अंदाज, मग हात," असं त्या दर वेळी बजावत, त्यामुळं मुलांनी त्यांचं नावच अंदाजबाई ठेवलं. दुप्पट ओढलं तर गोळा दुप्पट लांब जाईल, असं मुलं हमखास सांगायची. तो जायचा चौपट, आणि मोठ्या सरांच्या खोलीच्या पत्र्यावर धाडकन आदळायचा. मुलं हसायची. बाईंचा चेहरा मात्र पांढरा पडायचा.

"एवढी भीती वाटते तर हा खेळ कशाला मांडता?" मी एकदा चहा पिताना विचारलं.

"माझ्या धाकट्या भावाचा डोळा बेचकीनं गेला," त्या म्हणाल्या. "मारणारा शेजारचाच मुलगा. रडत रडत एकच सांगत होता, दगड एवढ्या लांब जाईल असं वाटलं नव्हतं." त्यांनी कप खाली ठेवला. "मुलं बेचकी काही सोडायची नाहीत. निदान कुठं पडेल ते तरी त्यांना कळू दे."

दोन हजार साल उलटलं आणि आमच्याकडं बिबट्याचं भय पसरलं. आज कुणाची शेळी गेली, उद्या कुणाचं कुत्रं. पोरं घोळक्यानं शाळेत येऊ लागली. ऊसतोड सुरू झाली की बिबट्याची मादी पिल्लांसकट उरलेल्या उसात दबा धरायची. एका वस्तीवर लोकांनी आरडाओरडा करून तिला घेरलं, तेव्हा तिनं समोरच्या माणसालाच फाडलं होतं.

एक दिवस मधल्या सुट्टीच्या आधी, भर उन्हात, खिचडी शिजवणाऱ्या हिरामावशी मैदानापलीकडच्या मोटारपंपाच्या खोलीवर पाणी आणायला गेल्या. खोलीला दार नव्हतं, मागची भिंतही पडलेली. तिच्या पलीकडं थोडी मोकळी जागा आणि मग ऊस. त्या उसाच्या कडेला पिल्लं सोडून मादी बाहेर आली आणि बांधावर बसली. मावशी हंडा पोटाशी धरून आत थिजल्या.

वर्ग बंद केले. मोठ्या सरांनी जुन्नरला वनखात्याला फोन लावला, पण गाडी यायला वेळ होता. मादी उठली, चार पावलं खोलीकडं आली आणि गुरगुरली.

"आपण ओरडत जाऊ या," सर म्हणाले.

"नको! ती आधी मावशींवर जाईल," अंदाजबाई म्हणाल्या. "मावशी आणि ती यांच्या मधे मोठा आवाज व्हायला हवा. तर ती उलटी फिरेल."

त्यांनी तेलाच्या पत्र्याच्या डब्यात खडे भरून झाकण तारेनं आवळलं. तांदळाच्या तराजूत एका बाजूला डबा आणि एका बाजूला मातीचे गोळे घातले. डबा भरला दोन गोळ्यांएवढा.

"तेवढ्याच ताणाला डबा निम्म्यावर पडणार," त्या पुटपुटल्या. "जास्त ओढावं लागेल. पण किती?"

ट्यूब सर आणि मी ओढली. अलीकडं पडला तर खोलीच्या कुजक्या पत्र्यातून डबा मावशींच्या डोक्यात. पलीकडं गेला तर पिल्लांत, आणि मादी सरळ खोलीत. बाई आमच्याशेजारी उभ्या राहून "अजून, अजून थोडं" म्हणत होत्या. मग त्यांनी डोळे मिटले.

"सोडा."

डबा खोलीच्या पत्र्याला घासून पलीकडं पडला आणि खणखणत गडगडला. मादी वळली आणि उसात गेली.

आम्ही धावत जाऊन मावशींना आणलं. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बाई मात्र खांबाशी उभ्या राहून ट्यूब चाचपत होत्या.

"चुकला," त्या मला म्हणाल्या. "मी मोकळ्या जागेच्या मधोमध धरला होता. उन्हानं ट्यूब सैल पडली, ते माझ्या ध्यानातच आलं नाही."

गावानं सत्कार ठरवला. वस्तीवस्तीवर अशी बेचकी लावून द्या, म्हणून माणसं आली. बाईंनी ब्लेडनं ट्यूब कापून टाकली आणि त्या हिरामावशींच्या घरी गेल्या. मी सोबत होते.

"मावशी, तो डबा तुमच्यावर पडला असता," त्या म्हणाल्या.

मावशींनी बसायला पोतं टाकलं. "मला काय ठावं न्हाई, बाई. तुमी तिथं उभ्या दिसत व्हत्या, म्हणून मी पळाले न्हाई. पळाले असते तर तिनं धरलंच असतं." मग हळूच म्हणाल्या, "पर आता लई भ्या वाटतं. पान्याला जायाचं म्हटलं की पाय उचलत न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून बाई त्यांच्यासोबत पाण्याला जाऊ लागल्या. एका हातानं मावशींचा पदर धरलेला, नजर उसावर. उसात पान हललं की दोघी थांबायच्या. मावशी म्हणायच्या, "वारा हाय, बाई." मग पुढं निघायच्या. हे बाईंची बदली होईपर्यंत चाललं.

बदली आंबेगावच्या डोंगराकडं, आहुप्याच्या वाटेवरच्या शाळेत झाली. एसटीत चढताना त्यांनी मला विचारलं, "तिकडं रान दाट आहे ना हो?" मी हो म्हटलं. त्यांनी दांडी धरली आणि बसून घेतलं. पुढं आमची भेट झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीच्या आधी हिरामावशी हंडा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी खडू ठेवला, चप्पल पायात सरकवली आणि त्यांच्यासोबत निघाले. मैदान ओलांडताना मी त्यांचा पदर धरला.