रणगाड्यातल्या चार जागा

मुंबई सोडून इस्राएलला आलो तेव्हा माझ्या बॅगेत कपड्यांपेक्षा लढायांची जुनी पुस्तकं जास्त होती, आणि त्यावरून आईनं विमानतळापर्यंत माझं डोकं खाल्लं होतं. पुढे वाळवंटात कड्यावर वसलेल्या मित्स्पे रामोनला घर मिळालं, कारखान्यात नोकरी लागली आणि प्लास्टिकचे रणगाडे जोडायचा नाद लागला. खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढे. गावात तसलं दुकान नव्हतं. हैफाला बहिणीकडे गेलो की दोन खोकी आणायची आणि ती वर्षभर पुरवायची.

इतर शौकीन रंगवलेल्या रणगाड्यावर धूळ चढवायला विकतची पावडर वापरतात. मला तिची गरज नव्हती. कड्यावरची माती आणून मी बायकोच्या चहाच्या गाळणीनं चाळत असे. त्या गाळणीपायी आमच्यात जेवढी भांडणं झाली तेवढी सासूपायीही झाली नाहीत. बायको टोमणा मारायची की एवढा मोठा सेनापती, पण सैन्यानं राखीव सेवेत याला गोदामात ब्लँकेटं मोजायला बसवलं. खरंच होतं ते. मी आजतागायत खऱ्या रणगाड्यात बसलेलो नाही. पण कुठल्या बाजूचं पोलाद किती जाड, हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

आमचा मुलगा लग्नानंतर अकरा वर्षांनी झाला. त्याच्यासाठी बायको एलियाहू हन्नबीला, आम्हा मराठी ज्यूंच्या नवसाला पावणाऱ्या संदेष्ट्याला, नवस बोलली होती. तो झाला तेव्हा मलिद्याचं ताट भरलं, गोड पोहे, खोबरं, फळं, आणि शेजारपाजारच्यांना हाका मारमारून खाऊ घातलं. दुसरं मूल झालं नाही. सहा वर्षांचा असल्यापासून तो माझ्या टेबलाशी बसायचा. मी मराठीत सांगायचो, तो हिब्रूत विचारायचा. आपल्या देशाच्या रणगाड्यात इंजिन मुद्दाम पुढे ठेवलंय, म्हणजे मार आधी इंजिनाला बसेल आणि माणसं वाचतील, हे मी अशा थाटात सांगायचो की जणू आराखडा मीच काढला होता.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तो अठराचा झाला. सैन्यात इथे सगळ्यांनाच जावं लागतं. पण एकुलत्या एक मुलाला लढाऊ तुकडीत घेत नाहीत, आईबाप दोघांनी सह्या करून दिल्याशिवाय. एका दुपारी कामावरून आलो तर टेबलावर, अर्धवट रंगवलेल्या रणगाड्याशेजारी, तो कागद ठेवलेला. मुलगा म्हणाला, मला रणगाड्यावरच जायचंय. त्या दिवसांत आपली फौज लेबनॉनमध्ये होती. दर तासाला रेडिओवर बातम्या लागल्या की आमच्या गल्लीतल्या बाया हातातलं काम थांबवून ऐकायच्या.

मला भीती वाटली. पण खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं, कारण बायको सही करणार नाही याची मला खात्री होती. तिनं नाही म्हटलं की भागलं, आणि मुलाच्या नजरेत मी चांगलाच राहणार. साप मरावा आणि काठीही मोडू नये, असला माझा हिशेब. बायको नाहीच म्हणाली. मुलानं आमच्याशी बोलणं टाकलं, ताट उचलून तो खोलीत जेवायला जाऊ लागला. तीन आठवडे मी टेबलाशीच बसून काढले. रणगाड्याच्या पट्ट्याच्या कड्या एकेक जोडायचो, पण गोंद भलतीकडेच लागायचा.

मग एका सकाळी मी कामावर निघताना बायकोनं कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर तिची सही होती.

"दर वख्ताला मीच वाईट व्हायचं आणि तुमी आपले गोड," ती म्हणाली. "आता न्हाय म्हणायचं तर तुमी म्हणा. तुमचं तो ऐकेल."

तिला वाटलं होतं मी म्हणेन. मलाही वाटलं होतं. दुपारी मुलाला समोर बसवलं आणि बोलायला लागलो, तर तोंडातून आलं काय, चिलखताची जाडी. बुडत्याचा पाय खोलात, दुसरं काय. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे हिब्रूत म्हणाला, "अब्बा, इंजिन पुढे आहे. तूच सांगितलं होतंस ना?"

याला माझ्यापाशी उत्तर होतं. पण ते दिलं असतं तर बारा वर्षं मी त्याला अर्धंच सांगत आलो, हे कबूल करावं लागलं असतं. त्यानं पेन पुढे केलं. मी सही केली. त्यानं मला घट्ट मिठी मारली, आणि ती मिठी मला हवी होती, हेही लिहायला हवं. तासाभरात तो कागद पोस्टात टाकून आला.

संध्याकाळी बायकोला कळलं. ती रडली नाही, भांडली नाही. माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली आणि विचारलं, यात माणसं किती बसतात. चार, मी म्हणालो. मग म्हणाली, कुठल्या जागेवरच्या माणसाला काय होतं ते खरंखरं सांगा.

मी सांगितलं. चालक पुढे, इंजिनाच्या शेजारी. खाली सुरुंग फुटला तर पहिला तो. कमांडर झाकणातून डोकं बाहेर काढून उभा, कारण आपल्याकडे तशीच रीत, म्हणून गोळी पहिली त्याला. तोफ मारणारा कमांडरच्या पायाशी, आग लागली तर त्याला सगळ्यांत उशिरा बाहेर पडता येतं. आणि गोळे भरणारा त्यांच्या बाजूला, त्याच्या हातातच गोळा. हे सगळं मला वर्षानुवर्षं माहीत होतं. जळालेल्या रणगाड्यांची मॉडेलंसुद्धा मी केली होती, फोटो बघून, झाकणांभोवती नीट काजळी लावून.

ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "हे त्याला सांगितलंत?"

"नाही."

"मला कशाला सांगता मग?"

तिनंच विचारलं होतं. ती उठून भाजी चिरायला गेली.

त्यानंतरची तीन वर्षं आम्ही दोघांनी रेडिओजवळ काढली. मुलगा धडधाकट परत आला. शनिवारी, शब्बाथच्या प्रार्थनेनंतर, प्रार्थनालयाच्या दारात लोक माझा हात हातात घेऊन म्हणाले, एकुलता एक असून सही दिलीत, बापाची छाती लागते. मी त्यांचे आभार मानले. बायको शेजारीच उभी होती.