मोजणीकाकांची सही

मोजणीकाका सर्व्हरच्या रॅकला कधी थेट हात लावत नसत. आधी मीटर काढायचे, लोखंडी सांगाड्यात करंट उतरलाय का ते बघायचे, अर्थिंग मोजायचे, आकडा वहीत लिहायचे आणि मग तेच सगळं पुन्हा करायचे. त्यावरूनच हे नाव पडलं. वाशीमच्या एका पतसंस्थेत नव्या शिपायाने त्यांना जमीनमोजणीवाले समजून बांधाचं भांडण ऐकवलं होतं. काकांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

जिल्ह्यातल्या लहानसहान सर्व्हर-खोल्यांची देखभाल आमच्या कंपनीकडे होती. पंखे, डिस्क बदलायच्या, सुरक्षेचा तपासणी-फॉर्म भरायचा. पाच वर्षं मी त्यांच्यासोबत फिरले. रॅकच्या मागे गेले की ते हलक्या आवाजात बोलत, "थांब, मोजून राह्यलो. हात नोको लावू." मला वाटायचं, मलाच सांगतायत. पण मी तर दाराशी उभी असायचे.

शेलूबाजारला एसटीची वाट पाहताना एकदा मी विचारलंच, "काका, कोणाशी बोलता तुम्ही?"

"विलासशी," ते म्हणाले.

विलास त्यांचा कामातला जुना जोडीदार. कारंजाच्या एका कार्यालयात दोघं तपासणीला गेले, तेव्हा मीटर जीपमध्येच राहून गेलं. काकांनी न मोजताच 'अर्थिंग ठीक' लिहून सही केली. आठवड्याने विलास तिथे एकटाच पंखा बदलायला गेला. आतली एक केबल सोलली होती, अर्थिंगची तार सुटलेली होती. रॅकला हात लागताच शॉक बसून विलास जागीच गेला. चौकशीत दोष केबलवर गेला. काकांना कोणी काही विचारलं नाही.

"माह्यी सही पाहून त्यानं बिनधास्त हात लावला असंन," काका म्हणाले. हातातला चहा त्यांनी प्यायलाच नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका कार्यालयात अर्थिंगचा आकडा धोक्याचा आला. काकांनी मेन स्विच पाडला. तिथले साहेब म्हणाले, "बाहेर रांग लागली आहे. सही करा, दुरुस्ती उद्या करू."

"तशी सही मी एकदा केली हाय, साहेब."

तक्रार झाली. कंपनीने काकांना घरी बसवलं. थंडीत ते झोपेतच गेले.

मी त्यांच्या घरी गेले. बुद्धवंदना आटोपल्यावर कोपऱ्यातल्या एका म्हातारीने मला जवळ बोलावलं. काकांची आई समजून मी पाया पडले.

"मी विलासची माय," ती म्हणाली. "तुले सहीचं सांगलं त्यानं?"

मी मान हलवली.

"मलेबी सांगलं. विलासले माती देऊन आला, त्याच दिवशी. दोन सालं मी त्याच्यासंग बोलली नाही. तो रोज येऊन उंबऱ्यात बसे. मंग एक दिवस मीच म्हनलं, चाल, तुह्या घरी राहाले घेऊन चाल मले."

"म्हणजे माफ केलं तुम्ही त्यांना?"

"नाही," ती म्हणाली. "पन तो घरी आल्याबिगर मी कदी जेवली नाही."