सासूबाईंचं माहेरचं नाव

माझ्या लग्नात तांदळाचं ताट पुढे आलं आणि गुरुजींनी मुलीचं नवीन नाव विचारलं, तेव्हा सासूबाई मध्येच म्हणाल्या, आहे तेच लिहा. नवऱ्याने अंगठीने तांदळात माझंच नाव काढलं. गुरुजींचा चेहरा पडला, पण मला सासू तिथेच आवडून गेली. त्यांचं स्वतःचं नाव अशाच एका ताटात गेलं होतं. दिल्लीला आल्या त्या नव्या नावाने, सरकारी दवाखान्यात औषधं देण्याची नोकरी केली तीही त्याच नावाने. जुन्या नावाने हाक मारणारे त्यांचे एक भाऊ होते. ते गेले आणि ते नाव कुणाच्या तोंडी उरलं नाही.

त्याच सुमारास माझा नवरा, जो नोएडात एका ऑफिसात कोड लिहितो, घरी बसून एक प्रोग्राम करत होता. धर्मादाय दवाखान्यांसाठी. पेशंटची नोंद ठेवायची, आणि दोन औषधं एकमेकांना मारक असतील तर डॉक्टरला सावध करायचं. कुणीही घ्यावा, कुणीही सुधारावा, पैसे नाहीत. त्याला त्याने आईचं माहेरचं नाव दिलं आणि लॅपटॉप तिच्यापुढे धरला. त्या नुसतं 'अच्छा' म्हणाल्या आणि बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. आम्ही दोघं खूश.

फरीदाबादच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात तो प्रोग्राम बसला, तशा सासूबाई तिथे आठवड्यातून दोनदा औषधं द्यायला जाऊ लागल्या. मयूर विहारहून मेट्रो बदलत, दुखरे गुडघे घेऊन. सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की ते नाव देवनागरीत मोठ्या अक्षरांत यायचं. ते कुणाचं हे त्यांनी तिथे कधी सांगितलं नाही. काउंटरवरची मुलगी दिवसभर ते नाव घ्यायची. आज लवकर उघडली, आज अडकली, आज फार नखरे करतेय. घरी येऊन हे सांगताना सासूबाईंना हसू आवरायचं नाही. इतक्या मोकळ्या हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

प्रोग्राम वाढला, देशोदेशीचे लोक हातभार लावू लागले, तेव्हा नवऱ्याने तो परदेशातल्या एका फाउंडेशनला दिला. असे मोफत प्रोग्राम सांभाळणं हेच त्या संस्थेचं काम. देताना नावाचा ट्रेडमार्कही लिहून द्यावा लागतो, म्हणजे उद्या ते नाव लावून कुणी भलतंच काही विकू नये. त्याने आनंदाने दिला. संध्याकाळी छोले-भटुरे मागवले आणि आईला म्हणाला, तुझा प्रोग्राम मोठ्या घरी गेला. नावाचं काही बोलला नाही. त्याच्या डोक्यातच आलं नसावं.

पुढे एकेक जण गळाला. कुणाला मूल झालं, कुणाची नोकरी सुटली. काम चालू ठेवायचं तर निदान तिघांनी तरी आम्ही आहोत असं कळवावं, हा संस्थेचा नियम. कळवणारा माझा नवरा एकटाच निघाला. मेलवर मतदान झालं, विरोधात कुणी बोललं नाही, आणि प्रोग्राम निवृत्त झाला, म्हणजे संस्थेने त्याचं काम बंद केलं. त्यानंतर त्यात एक खोट सापडली. पेशंटची माहिती बाहेर फुटू शकत होती. नवऱ्याने रात्रंदिवस बसून ती दुरुस्त केली, आणि नवी आवृत्ती काढायची म्हणून नाव परत मागितलं. उत्तर अतिशय सभ्य आलं. कोड खुशाल घ्या. नाव आमच्याकडेच राहील, निवृत्त म्हणून. तुम्ही दुसरं ठेवा.

माझं डोकं फिरलं. ज्यांना ते नाव धड उच्चारता येत नाही ते त्यावर बसून राहणार, आणि वापरणारही नाहीत? मी म्हटलं, फरीदाबादच्या कॉम्प्युटरवर जुनंच राहू दे, तिकडे कोण बघायला येतंय. तो ऐकेना. म्हणाला, पाककृती सगळ्यांची असली तरी दुकानाची पाटी ज्याची त्याची. प्रोग्राम संस्थेत असताना त्याने स्वतः एकांना, त्यांनी आपल्या प्रोग्रामवर लावलेलं दुसऱ्याचं नाव असंच उतरवायला लावलं होतं, आता आपल्यापुरता नियम कसा वाकवायचा? त्याच्या या सरळपणाचा मला तेव्हा राग आला. अजूनही येतो.

एका रविवारी जेवणं झाल्यावर तो आईजवळ जाऊन बसला. त्या मटार सोलत होत्या. त्याने सगळं समजावून सांगितलं. नवी आवृत्ती बसली की दवाखान्यात ते नाव दिसणार नाही. मग त्यांना बरं वाटावं म्हणून विचारलं, "आई, नवीन नाव तूच सांग ना. तुझं आत्ताचं ठेवू?"

सासूबाईंनी विचारलं, "नाव कधी दिलंस त्यांना?"

"प्रोग्राम फाउंडेशनला दिला तेव्हाच. सगळे देतात, आई. प्रोसीजर आहे ती."

"म्हणजे मी फरीदाबादला जात होते तेव्हासुद्धा ते माझं नव्हतं."

मी काहीतरी बोलायला गेले, पण त्यांनी हातानेच मला थांबवलं.

"तुझ्या बाबांनी माझं नाव बदललं, ते निदान मला शेजारी बसवून, चारचौघांसमोर. तू तर मला न सांगताच देऊन टाकलंस."

आवाज अजिबात चढला नव्हता. राहिलेले मटार त्यांनी सोलले, टरफलं कचऱ्यात टाकली आणि आत जाऊन पडल्या. मला नवऱ्याची दया आली, आणि त्याच्या बाजूने बोलायला एक शब्द सापडला नाही.

नवीन नाव त्यांनी शेवटपर्यंत सुचवलं नाही. नवऱ्यानेच काहीतरी ठेवलं आणि दवाखान्यात जाऊन ते बसवून आला. त्या आठवड्यात सासूबाई फरीदाबादला गेल्या नाहीत, पुढच्याही नाहीत. आता गुडघ्यांमुळे येणं जमणार नाही, असं तिकडे कळव म्हणाल्या, आणि मी तसं कळवलं.