दोन डावे पंख

तात्सुओ कागेयामा हट्टी माणूस. डोळे अधू झाले म्हणून गाडीचा परवाना परत करून आला, त्या दिवशीसुद्धा घरात पाऊल टाकताच म्हणाला, "त्या ऑफिसातलेच आंधळे आहेत." फुसाए, त्याची बायको, तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आंधळ्यांनी आंधळ्याचा परवाना घेतला, म्हणजे फिट्टंफाट झाली." असा त्यांचा संसार.

हामामात्सू शहरातल्या एका पियानोच्या कारखान्यात लाकूड तासण्यात त्याची उभी हयात गेली. सुटीच्या दिवशी हा पुन्हा लाकडाशीच. फरक एवढाच, की कारखान्यातलं लाकूड दोघांनी उचलायचं आणि घरातलं फुंकरीने टेबलावरून उडायचं. हे बाल्साचं लाकूड. त्याची तो रिमोटवर उडणारी विमानं करायचा. खेळण्यातली नव्हेत हं. एकेका विमानाच्या पंखांवर दोन माणसं डोक्याला डोकं लावून आडवी झोपतील, एवढी मोठी. रविवारी तेन्र्यू नदीच्या पात्रातल्या मोकळ्या पट्ट्यावर त्याच्यासारखी म्हातारी पोरं जमत, आणि विमानं वर गेली की सगळ्यांच्या माना दुखेपर्यंत कुणी खाली बघत नसे. आता बहुतेकांनी बाजारातली तयार विमानं आणलेली. तात्सुओ त्यांना 'पाव' म्हणायचा. "काय होत्ता, आज पाव भाजून आणलास का?" होत्ता त्याचा जुना मित्र, तोही कमी नव्हता. तो म्हणे, "माझा पाव निदान ह्याच वर्षी उडतो. तुझा पंख व्हायला नातू म्हातारा होईल."

उशीर लागे, हे खरं. नकाशा टेबलावर पसरायचा, त्यावर टाचण्यांनी पंखाच्या लाकडी बरगड्या उभ्या करायच्या, त्यातून कणा घालायचा, गोंद वाळेपर्यंत श्वास रोखून बसायचं. आणि ह्या कामात एक मेख असते. नकाशात पंख एकच काढलेला असतो, डावा. उजवा काढत नाहीत. मग उजवा कसा करायचा? डावा झाला की कागदाला खायचं तेल चोळायचं. कागद पारदर्शक होतो, रेघा पाठीमागून दिसायला लागतात. तो पालथा घातला की डाव्याचा उजवा झाला. हे विसरणारे असतात, आणि मग त्यांचे दोन डावे पंख होतात. विमानवाल्यांच्या क्लबात अशा माणसाला वर्षभर तोंड दाखवायची चोरी.

तात्सुओवर ही पाळी कधीच आली नाही, कारण ते काम फुसाएचं होतं. डावा पंख कागदावरून उचलून ठेवला की तो नुसतं म्हणायचा, "कागद फिरव," आणि हाताचा गोंद धुवायला, विडी ओढायला मागच्या दारी जायचा. फुसाए कापसाच्या बोळ्याने तेल चोळायची, कागद पालथा घालायची, चारी कोपरे चिकटपट्टीने चिकटवायची. हा परत येई तेव्हा उजवा पंख तयार असल्यासारखाच. अक्षरं उलटी दिसली की झालं. त्यापलीकडे त्याने कधी पाहिलं नाही. चाळीस वर्षांत त्याने ह्या कामाबद्दल तिचे आभार मानले नाहीत आणि तिलाही ते मानायला हवे होते असं वाटलं नाही.

मग फुसाएला पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, बोलणं वाचलं, विनोदसुद्धा वाचला. डावा हात तेवढा लुळा पडला, आणि डावी बाजू गेली. गेली म्हणजे दिसत नव्हती असं नाही, पण तिच्या हिशेबातच उरली नव्हती. केस विंचरायची ते उजवेच. दाराच्या डाव्या चौकटीवर रोज आपटायची आणि दाराला रागवायची. जेवायला बसली की सूप संपवायची आणि वाटी ठेवून म्हणायची, "आज भात नाही केला का?" रीतीप्रमाणे सूप उजवीकडे आणि भाताची वाटी डावीकडे असायची ना. तिच्या लेखी डावीकडे जगच नव्हतं.

हॉस्पिटलातल्या बाईंनी युक्ती शिकवली. अर्धं जेवण झालं की तबक फिरवायचं, मग डावीकडचं उजवीकडे येतं. तात्सुओ रोज तिन्ही वेळा म्हणायचा, "थांब, फिरवतो," आणि पुढे पुढे, "फिरव आता तू." ती उजव्या हाताने तबक अर्धं वर्तुळ फिरवायची, भात समोर यायचा आणि दर वेळी तिचा चेहरा लहान पोरीसारखा व्हायचा. "अगंबाई, अजून होतं की!"

एकदा त्याने कंटाळून भाताची वाटी आधीच उजवीकडे मांडली. फुसाएने तबक ढकललं. "असं मेलेल्यांपुढे मांडतात. मी अजून आहे म्हटलं!" तेव्हापासून तो आधी रीतीप्रमाणे मांडायचा आणि मग फिरवायचा. रीत म्हणजे रीत.

त्यांची मुलगी सातोमी नागोयाला असते. बापाच्या हट्टाचा निम्मा वाटा तिच्याकडे आला आहे. उन्हाळ्यात आली तेव्हा तिने विषय काढला.

"बाबा, डोंगराच्या बाजूला एक चांगलं केअर सेंटर आहे. जागा रिकामी होतेय."

"वृद्धाश्रम म्हण की सरळ."

"काही म्हणा. तुमचं वय काय, कंबर काय. आईला उचलता कसं तुम्ही?"

"तिला उचलावं लागत नाही. तिचं ती सगळं करते."

"सगळं? एक काम सांगा, आई एकटीने पूर्ण करते असं. एक दाखवा, मी पुन्हा नाव काढणार नाही."

तात्सुओने शेल्फावरच्या नकाशाच्या गुंडाळीकडे पाहिलं. झटका येण्याआधी आणलेलं ते विमान, सगळ्यांत मोठं, तसंच पडलं होतं. "पंख करतो," तो म्हणाला. "कागद तुझी आई फिरवेल. एकटी. मी खोलीतसुद्धा थांबणार नाही. दोन्ही पंख झाले की बघायला ये."

वेड्या माणसाने एका पंखावर बायको पणाला लावली, असं होत्ता नंतर म्हणाला. पण तेव्हा तात्सुओपुढे दुसरं काय होतं? तिच्याशिवाय त्या घरात तो काय करणार होता, एकट्याने कोणाला टोमणे मारणार होता? पाऊस संपून हवा कोरडी होईपर्यंत त्याने डावा पंख केला. टाचणी बरगडीऐवजी बोटात जाई, भिंग डोळ्याला लावून तो एकेक सांधा चिकटवी. फुसाए शेजारी बसून म्हणे, "सावकाश. मी कुठे पळून चाललेय?" हे ऐकलं की तो उगाच भिंग पुसत बसायचा.

डावा झाला. तेलाची वाटी आणि कापूस त्याने तिच्या उजव्या हाताशी ठेवला. "कागद फिरव," तो म्हणाला आणि मागच्या दारी गेला. विडी पेटवली आणि ओढायची विसरला. हात जोडावेत असं त्याला वाटलं, पण कुणाला ते कळेना.

आत आला तर कागद तेलाने चकाकत होता, चारी कोपरे चिकटवलेले, पट्ट्या थोड्या वाकड्या. अक्षरं उलटी. तात्सुओला रडू आलं ते त्याने शिंकेवर घालवलं.

दुसरा पंख त्याने पहिल्यापेक्षा सुंदर केला. घासकागदाने असा गुळगुळीत केला, की हात फिरवला तर लाकूड आहे हे कळू नये. झाल्यावर उचलून पहिल्याशेजारी नेला. फुगीर बाजू वर ठेवली, आणि त्याचं टोक पहिल्याच्याच दिशेला वळलेलं दिसलं. त्याने उलटा धरून पाहिला. टोक जुळलं, तर फुगवटा जमिनीकडे. असा पंख लावला तर विमान वर जायच्या आधी पाठीवर पडेल. पुन्हा सरळ धरला. डावा. दोन्ही डावे.

तो तिथेच जमिनीवर बसला. स्वयंपाकघरातून फुसाए विचारत होती, "जमलं का हो?" तो म्हणाला, "जमलं." सातोमी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. नवा पंख करायला महिना हवा.

सातोमी संत्र्यांची पिशवी घेऊन आली. पंख भिंतीला टेकवून ठेवले होते, एकाची पाठ, एकाचं पोट, जेणेकरून कळू नये. पण ती ह्याच घरात वाढलेली. लहानपणी दोन पंख चटईवर मांडून मध्ये उभी राहायची आणि 'मी विमान' म्हणून ओरडायची. तिने ते कौतुकाने उचलून चटईवर मांडले, आणि मांडता मांडता तिचे हात थांबले.

"बाबा, हे दोन्ही डावेच आहेत."

फुसाए खुर्चीत बसली होती. तात्सुओने तिच्याकडे पाहिलं नाही. "माझं चुकलं," तो घाईने म्हणाला. "कागद मीच लावला. घाई झाली. तुझ्या आईचा काही संबंध नाही."

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, म्हणून ते इतकं खरं वाटलं. सातोमीचा चेहरा उतरला.

"तुमच्या हातून? चाळीस वर्षांत जे झालं नाही ते?" ती हळू आवाजात म्हणाली. "परवाना गेला. मागे शेगडी सुरू राहिली. आता हे. बाबा, मग आईला मी तुमच्या भरवशावर कशी ठेवू?"

इकडे आड, तिकडे विहीर. चूक तिची म्हणावी तर ती जाणार, आपली म्हणावी तरी तीच जाणार.

"कागद मी फिरवला," फुसाए म्हणाली. "हे खोटं बोलतायत. ह्यांना साधं तेल कुठे असतं ते माहीत नाही. हे म्हणाले फिरव, मी फिरवला." आणि तिने उजव्या हाताने हवेत एक अर्धं वर्तुळ काढलं. ताटाचं.

तात्सुओ त्या हाताकडे बघत राहिला. असा फिरवला तरी कागदावरची अक्षरं उलटीच दिसतात. चाळीस वर्षं त्या शब्दाचा एकच अर्थ होता, पालथं घालणं. दुसरा अर्थ त्यानेच तिला शिकवला होता, रोज तिन्ही वेळा, भाताच्या वाटीसाठी. ती शहाण्या पोरीसारखी शिकली होती.

तो उठला, सातोमीसमोर गुडघ्यांवर बसला आणि त्याने कपाळ चटईला टेकलं. जन्मात कारखान्याच्या मालकापुढे टेकलं नव्हतं. "शब्द माझा चुकला गं. पालथा घाल म्हणायला हवं होतं. पुन्हा करतो. एक महिना दे, सातोमी. तिला नेऊ नकोस."

"बाबा, उठा! उठा ना, काय करताय हे!" सातोमी रडत त्याचे खांदे ओढत होती आणि तो उठत नव्हता.

"मी जाते," फुसाए म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"परवा न्हाणीत आम्ही दोघं पडलो, ते ह्यांनी तुला सांगितलं नसेल. मला उचलताना ह्यांचीच कंबर मोडायची. मी खाली आणि हे माझ्यावर. लग्नानंतर इतक्या जवळ पहिल्यांदाच आलो असू." ती हसली, तिच्या एकटीशिवाय कुणी हसलं नाही. "कागद आणा तो. जायच्या आधी नीट घालून देते, नाहीतर हे तिसरा डावा करतील."

तिने एका हाताने कागदाचा कोपरा धरला आणि तो सावकाश पालथा घातला. सातोमी मदतीला पुढे झाली, तेव्हा तिने मान हलवून तिला मागे सारलं. पट्टी दातांनी तोडून तिने चारी कोपरे चिकटवले. डावीकडचे दोन लावण्यासाठी ती उठून, काठी टेकत, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली.

फुसाए केंद्रात गेल्यानंतर तो कागद तसाच टेबलावर राहिला. तात्सुओने त्यावर एक टाचणीही लावली नाही. होत्ता येऊन पाहून गेला, पंखाची थट्टाही न करता गेला.

केंद्र डोंगराच्या बाजूला आहे, बसने जावं लागतं. पहिल्यांदा तो गेला तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ होती. लांब टेबलाशी म्हातारी माणसं ओळीने बसली होती. फुसाए शेवटच्या खुर्चीवर होती. तिच्यापुढच्या तबकात भात उजवीकडे मांडला होता आणि ती खाली मान घालून तो खात होती.

तात्सुओ दारातच थबकला. मग जाऊन शेजारी बसला. "हे असं मांडतात तुला?"

"तिला दिसत नाही म्हणून आम्ही मुद्दाम इकडे ठेवतो," वाढणारी मुलगी आपुलकीने म्हणाली आणि पुढच्या खुर्चीकडे गेली.

"तू काही म्हणाली नाहीस?"

"काय म्हणू?" फुसाए म्हणाली. "ती एकटी पोर. एवढ्या जणांचं बघते. मांडायचं कधी आणि फिरवायचं कधी." तिने आणखी एक घास घेतला. "आणि चव तीच लागते हो."

तात्सुओने तिच्या हातातून भाताची वाटी काढून घेतली. डावीकडे ठेवली, सूप उजवीकडे, लोणचं मध्ये, रीतीप्रमाणे. तिला सूप संपवू दिलं. मग दोन्ही हातांनी तबक धरून त्याने ते फिरवलं.

"अगंबाई," फुसाए म्हणाली, आणि ह्या वेळी ती भाताकडे नाही, त्याच्याकडे बघत होती, "अजून होतं की!"

तो रोज दुपारी जाऊ लागला. रात्रीच्या जेवणाला मात्र त्याला थांबता येत नसे, कारण त्यानंतर परतीची बस नव्हती.