आन न घेणारा माणूस

गंगाखेडच्या बाजारात शेळ्यांचा एक दलाल आहे. त्याच्यावर माझा कधीच भरवसा बसला नाही, कारण तो शपथ घेत नाही. आमच्याकडं गळ्याची कातडी चिमटीत धरून लेकराची आन घेतल्याशिवाय सौदा पुढं सरकत नाही. याला विचारा, शेळी गाभण आहे का? हा पोटाखाली हात घालणार, डोळे मिटणार आणि म्हणणार, "हाय." नाहीतर, "न्हाई." आन घे म्हटलं की नुसता हसतो.

"आमी येशूची माणसं, मामा. हाय त्याला हाय म्हणायचं, बस्स."

रविवारी प्रार्थनेला जातो म्हणे. जात असेल. पण आन घ्यायला जो कचरतो, त्याच्या मनात काहीतरी काळंबेरं असणारच, असं मी घरी कितीदा बोललो.

परवा मी माझी काळी शेळी विकायला नेली. गिऱ्हाईक म्हणालं, "गाभण वाटत न्हाई." मी गळा धरला. "लेकराची आन, गाभण हाय!" खरंच होती. तरी ते हलेना. त्यानं दलालालाच हाक मारली. मी मनात म्हटलं, झालं! हा आता सौदा मोडणार आणि मागून स्वतःच शेळी स्वस्तात लाटणार.

त्यानं पोट चाचपलं, डोळे मिटले.

"हाय."

गिऱ्हाइकानं तिथल्या तिथं माझ्या हातातलं दावं घेतलं. माझा दुसरा हात अजून गळ्यावरच होता.